मंत्र्याच्या भरवशावरचं वाळवण

अबोलीने वनमालाताईंच्या गच्चीवर कॅमेरा लावला आणि कपाळाला हात मारला. उरला या कारखान्यांच्या वस्तीचं आभाळ लख्ख निळं! कारखान्याच्या धुराने माणसांचं काय होतं, यावर ती माहितीपट करत होती. महिनाभर इथली काळी धूळ तिच्या दातांत करकरली होती, आणि नेमकं आज चिमणीतून धुराची रेघही नाही.

"ताई, कारखाना बंद आहे का?"

"बंद काहून राहीन? हे गेले ना ड्यूटीवर." वनमालाताई पांढऱ्याशुभ्र कुरडया घालत होत्या. शेजारच्या गच्च्यांवरही गाद्या, पापड, धोतरं. खाटेवर त्यांचे सासरे नरहरराव ऊन खात बसले होते. अबोलीने त्यांना आजवर बंद खोलीत धापा टाकतानाच पाहिलं होतं.

"मग धूर कुठे गेला?"

"आज मंत्री येऊन राहिले ना! धूर गाळायची मशीन चालू केली असन."

अबोली पदार्थविज्ञान शिकलेली. असं यंत्र बसवलेलंच नाही, हे सिद्ध करायला ती निघाली होती.

"म्हणजे... मशीन आहे?"

"हव, कधीची! रोज चालवली तं बिजली लय लागते म्हणे. आपलं शहर राज्याची राजधानी झाल्यापासून कोणी ना कोणी येते, तेवढं आमचं वाळवण होते."

"पोरी," नरहरराव हसले, "त्या मंत्र्याले इथंच भाड्याची खोली पाहून दे."

अबोलीला हसू आलं नाही. एक बटण. इतकंच होतं तर!

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून हाक आली, "दौरा रद्द! मंत्री दिल्लीले गेले!"

कुणी शिवी दिली नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. गाद्या गुंडाळल्या गेल्या, धोतरं ओढली गेली. अबोलीला काही कळायच्या आत चिमणीने काळा लोट सोडला. नरहररावांना खोकल्याची उबळ आली. दोघींनी त्यांना धरून खाली नेलं, निजवलं.

परत वर आल्या तेव्हा ओल्या कुरडयांवर काजळी बसली होती. ट्रायपॉडवरचा कॅमेरा मघापासून चालूच होता. निळं आभाळ काळं होताना सगळं त्याने टिपलं होतं.

वनमालाताईंनी एक कुरडई उचलली.

"दीदी, माहा चेहरा दाखवू नका म्हटलं होतं ना तुम्हाले? यांची नोकरी जाईन म्हणून?"

खालून सासऱ्यांच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. पदर सावरून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दाखवा."