बरे झालेल्यांची यादी

क्षयाच्या मोफत औषधांची योजना वस्तीत नीट चालते का, हे बघायला तपासनीस बाई आल्या. तिथल्या औषध केंद्रातल्या नर्सने यादी पुढे केली: रोगी एकशे चाळीस, बरे झालेले एकशे एकतीस. इतके देखणे आकडे दिसले की बाईंच्या मनात पाल चुकचुकायचीच. यादीतल्या एका गवंड्याचं त्यांनी थेट घर गाठलं.

पत्र्याच्या खोलीत गवंडी भिंतीला टेकून बसला होता. नुसता हाडांचा सापळा.

"औषधं पूर्ण झाली ना?"

"कुठली हो ताई!" बायको म्हणाली. "दोन महिने गोळ्याच नव्हत्या. रोज हेलपाटे घातले, मग यांनी अंथरूणच धरलं. आता धाकटीही खोकतेय."

"कागदावर मी ठणठणीत आहे म्हणे," गवंडी हसला. "म्हणजे मेलो तरी बरा होऊनच मेलो!" त्याला ठसका लागला, तो थांबेचना.

बाई तावातावाने परतल्या. नर्सने कपाटातून पत्रांच्या प्रती काढून समोर टाकल्या. "गोळ्यांसाठी अकरा पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. शंभरात ऐंशी बरे झाले नाहीत तर केंद्र बंद, असा नियम. मग खोटं लिहू नको तर काय करू?"

बाईंनी पत्रं एकेक करून वाचली. नियम ठरवणाऱ्या समितीत त्या स्वतः होत्या.

त्यांनी खरा अहवाल लिहिला, अकराही पत्रं जोडली, नियम बदला म्हणून हात जोडले. वरचे साहेब म्हणाले, "नियम तुमचाच ना?" महिन्याभरात केंद्राला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात गवंडी गेला.

बाईंनी रजा टाकली आणि धाकटीला घेऊन शहरातलं मोठं इस्पितळ गाठलं.

"केंद्राची चिठ्ठी?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"केंद्र बंद झालंय."

"मग चिठ्ठी आणल्याशिवाय नोंद नाही."

बाईंनी खिडकीसमोरच फतकल मारली. लोक ओरडले, रखवालदार हात धरून उठवायला आला, पण त्या हलल्या नाहीत. अखेर संध्याकाळी एका डॉक्टरने वैतागून पोरीची थुंकी तपासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी निकाल आणायला त्या गेल्या, तर फाटकापाशी वस्तीतल्या नऊ बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. चिठ्ठी एकीजवळही नव्हती.

"ताई, आमच्यासाठीही बसाल ना?" एकीने विचारलं.

 खिडकी उघडायला अजून तास होता. त्या नऊजणींना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.