चढावर ठसकलेली गाडी

लिसिआतेने कावाची करवंटी तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. खाली चढावर पाद्रीबुवांची गाडी मिसिंग मारत होती.

रविवारी पहिली घंटा होण्याआधी चर्चच्या मागच्या पडवीत पुरुषांची कावाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या जराशा गुंगीच्या पेयाची, बैठक भरते. कमरेला विणलेल्या चटया गुंडाळून दहाबारा जण गोल करून बसले होते. सगळ्यांनी कान टवकारले. गाडी दोनदा ठसकली, मग झटके खाऊ लागली आणि शेवटच्या वळणावर गप्प झाली. थोड्या वेळाने मोसेसे पाद्रीबुवा बायबल काखेत मारून घामाघूम होऊन वर आले. आता गाडी ढकलत आणावी काय, आणि ढकलणं हे काम की मदत, यावर जरा वाद झाला. रविवारी आमच्याकडे कोणी कामाला हात लावत नाही; ढकलणं हे कामच असा निकाल लागला, आणि गाडी होती तिथेच राहिली.

कालच लिसिआतेने त्या गाडीचं ट्यूनिंग केलं होतं. चौतीस वर्षं आमच्या बेटावरच्या गाड्या आणि होड्यांची इंजिनं तोच बघत आला आहे. आधी कान द्यायचा, हात मागून लावायचा, ही त्याची पद्धत. त्यामुळे गाडी बिघडली त्यात त्याचा काही हात असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या फेलेतीकडे. फेलेती पिंपातून पेट्रोल विकतो, आणि शनिवारी रात्री पाद्रीबुवांनी त्याच्याकडेच टाकी भरली होती.

"फेलेती, पेट्रोल विकतोस का नारळपाणी?" केफू म्हणाला. केफूची जीभ कावा प्यायल्यावर सैल सुटते, न प्यायल्यावरही फारशी आवरलेली नसते.

फेलेतीने आपण पेट्रोल फडक्यातून दोनदा गाळतो असं सांगितलं. त्यावर कोणीतरी दोन वर्षांपूर्वी भर समुद्रात बंद पडलेल्या होडीची आठवण काढली. तेव्हा खरंच पाणी निघालं होतं, म्हणून फेलेतीला पुढे बोलता येईना. तो लिसिआतेकडे वळला.

"तूच सांग ना बाबा. तुला आवाजावरून कळतं."

लिसिआतेला कळलंच होतं. पेट्रोलात पाणी असलं की गाडी ठसकते, मग सुधारते, मग पुन्हा ठसकते. ही सुधारली नव्हती. चढ चढता चढता बिघडतच गेली होती. म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट हळूहळू मिटत होती आणि करंट कमी पडत होता. आणि फट मिटत होती, कारण पॉइंटचा स्क्रू ढिला होता. काल संध्याकाळी फट बरोबर बसवून त्याने स्क्रू जेमतेम अर्धा आवळला, तेवढ्यात गायनमंडळाच्या लोसाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खर्जातले सगळे आलेत, तुझ्याचसाठी खोळंबलंय, म्हणाल्या. आमच्याकडे जेवायला उशिरा गेलेलं खपतं, गाण्याच्या सरावाला नाही. त्याने वरचं झाकण तेवढं बसवलं, बाकीचं आल्यावर बघू म्हणून हात पुसले आणि गेला. सराव लांबला. घरी येतो तो पाद्रीबुवा गाडी घेऊन गेलेले. स्क्रूची आठवण त्याला आत्ता झाली.

"उद्या उघडून बघतो," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. केफूने मांडीवर थाप मारली. लिसिआते गप्प बसला म्हणजे सगळ्यांनी समजायचं ते समजलं. फेलेती हातातल्या रिकाम्या करवंटीकडे बघत राहिला.

प्रार्थनेत तर कहरच झाला. प्रवचन काना गावच्या लग्नाचं होतं. पाद्रीबुवा मुळात विनोदी माणूस, त्यात चालून दमलेले. काना गावात पाण्याचा द्राक्षरस झाला, म्हणाले, आणि आपल्या गावात पेट्रोलचं पाणी झालं, तेव्हा चमत्कार अजून बंद पडलेले नाहीत. सगळं चर्च खदखदून हसलं. फेलेतीची बायको तोंडासमोर पंखा धरून बसली. गायनमंडळात फेलेती लिसिआतेच्या शेजारीच उभा राहतो, दोघांत एक पुस्तक. पुढच्या गीताला फेलेतीचा आवाज फुटला नाही. खर्ज लिसिआतेने एकट्याने ओढला, आणि जरा जास्तच जोरात ओढला.

त्याच्या बायकोने, लुपेने, घरी आल्यावर अंगणात पुरलेल्या भट्टीवरची माती बाजूला केली आणि पानात शिजलेल्या मांसाची पुडी त्याच्यापुढे ठेवली. तो नुसती पानं उलगडत बसला.

"पेट्रोलात पाणी होतं का खरंच?" तिने विचारलं.

"नव्हतं."

मग त्याने स्क्रूचं सांगितलं. लुपेने ऐकून घेतलं. रागावली नाही. उद्या पहाटे तू गुपचूप जाशील, स्क्रू आवळशील, गाडी सुरू होईल आणि फेलेती जन्मभर पाणीवाला राहील, एवढंच म्हणाली. लिसिआतेने सकाळपासून नेमका हाच बेत केला होता. बायको इतकी वर्षं सोबत असली की माणसाला मनात काही ठेवायची सोय उरत नाही.

"चार वाजता सांग," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

चारच्या प्रार्थनेला ज्याला वाटेल तो उठून आपली कबुली देऊ शकतो. बहुतेक जण राग, आळस, शेजाऱ्याचं डुक्कर असलं काहीतरी सांगतात. लिसिआते गेला तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. येईल उशिरा म्हणून त्याने दोन गीतं वाट पाहिली. फेलेती आला नाही. मग तो उठला.

"पेट्रोलात पाणी नव्हतं. पॉइंटचा स्क्रू मी अर्धा आवळला होता." इथे थांबला असता तरी चाललं असतं, लोक माफ करायला तयारच होते. पण तो थांबला नाही. "आणि हे मला सकाळीच कळलं होतं. गाडी चढावर होती तेव्हाच. मी बोललो नाही."

 केफू गुडघ्यांकडे बघत होता. लोसाबाईंनी पुढचं गीत लावायला बराच वेळ घेतला. पाद्रीबुवा दारात लिसिआतेचा हात धरून म्हणाले की चूक त्यांचीही आहे, हसवायच्या नादात ते बोलून गेले. लिसिआतेने मान हलवली. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ज्याच्यासाठी उतरवलं त्याला ते कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं.

फेलेतीच्या दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. लिसिआते वळसा घालून मागे गेला. आधी वास आला. नीरफणसाच्या झाडाखाली पेट्रोलचं पिंप आडवं पडलं होतं, तोंड उघडं, आणि खालची पोवळ्याची माती काळी झाली होती. फेलेती चर्चच्या कपड्यांत मागच्या पायरीवर बसला होता.

"हे काय केलंस?"

"चारची घंटा झाली तेव्हा ओतून दिलं. पाणी असलेलं विकायचं कसं?"

"पाणी नव्हतं रे. माझा स्क्रू ढिला होता. आत्ता सगळ्यांसमोर सांगून आलो."

फेलेतीने आडव्या पडलेल्या पिंपाकडे पाहिलं. वावाऊच्या मोठ्या बेटावरून पेट्रोल घेऊन बोट यायला अजून पंधरा दिवस होते. तोवर गावातली एकही होडी आता निघणार नव्हती.

"मलाही नव्हतंच वाटलं," फेलेती म्हणाला. "जेवण झाल्यावर बाटलीत घेऊन उन्हात धरून बघितलं. स्वच्छ दिसत होतं."

"मग ओतलंस कशाला?"

"तू काही बोलला नाहीस ना सकाळी. म्हटलं, मला दिसत नसेल. लिसिआते गप्प आहे म्हणजे असणारच."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने पायरीवर थोडं सरकून जागा केली. लिसिआते बसला नाही. खाली वाकून त्याने पिंप उभं केलं, त्याचं झाकण शोधलं, आणि रिकाम्या पिंपावर ते शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट आवळलं. रविवार होता. फेलेतीने त्याला अडवलं नाही.