तांबड्या डोळ्यांची जोडी

"बोळा ढिला राह्यला असन, सर. दुसरा नर घुसला असन," वारलू म्हणाला.

सत्तावन्न साली चांद्याच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेचा शिपाई होता. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून फळमाशांना खाऊ घालायचा, बाटल्यांच्या तोंडात कापसाचे बोळे बसवायचा. या बाटलीत त्यानं तांबड्या डोळ्यांची एकच जोडी सोडली होती. आज भिंगाखाली तिच्या पिलांत पांढऱ्या डोळ्यांचे नर दिसत होते.

"मादी कोणी निवडली?" सरांनी विचारलं.

"म्याच. कोशातून निघाल्याबरोबर वेगळी ठेवली. नराची सावलीबी पडली नाई तिच्यावर."

"मग तिच्यावर आळ कशाला घेतोस? तिच्या बापाचे डोळे पांढरे होते. तो रंग तिच्या पोटात लपून होता, लेकांत निघाला."

वारलूनं भिंगाला पुन्हा डोळा लावला. "माणसातबी असंच होते काय, सर?"

"थोडंफार. घारे डोळे असेच येतात, आईबाप दोघांकडून लपून आलेले."

वारलू तिथंच फरशीवर बसला. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या घरी घाऱ्या डोळ्यांचं मूल जन्मलं होतं. बायको, वच्छला, रडून रडून सांगत होती की माझ्या आज्याचे डोळे असेच होते. त्यानं ऐकलं नाही. दीड महिन्याच्या लेकरासह तिला नागभीडला माहेरी सोडून आला तो पुन्हा गेलाच नाही. माणूस वाईट नव्हता असं सगळे म्हणतात. मला तसं म्हणवत नाही.

रविवारी ती बाटली पिशवीत घालून त्यानं नागभीडची गाडी धरली.

वच्छला अंगणात धान पाखडत होती. त्यानं बाटली पुढे धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. "माह्यं चुकलं. घरी चाल."

तिनं सूप खाली ठेवलं. बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"म्या अकरा वर्सांखालीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "तवा पटलं नाई. आता माशीनं सांगतलं, तं पटलं."

घरातून मुलगा बाहेर आला. डोळे घारे, पण चालणं हुबेहूब वारलूचं.

"कोण व्हय, माय?"

वारलूनं जीव कानात आणला.

"चांद्याचे पाव्हणे हायेत. पाणी दे त्यायले, चैतू."

चैतूनं गडवा आणला. वारलू उभ्यानंच पाणी प्यायला. गडवा परत देताना त्यानं मुलाच्या डोळ्यांत एकदा पाहून घेतलं. एवढं मात्र त्याला कोणी नाकारलं नाही.

वच्छलानं बाटली त्याच्या हातात ठेवली. "घेऊन जा. इथी माशा काय कमी हायेत?"

परतीच्या गाडीला चार तास होते. तो स्टेशनातल्या बाकावर बाटली मांडीवर घेऊन बसला. बोळा ढिला तर झाला नाही ना, हे मधून मधून बोटानं चाचपून बघत राहिला.