भागोजीची साक्ष

“आता मी जे सांगणार, त्याच्यावर तुमच्यातला एकपण माणूस विश्वास ठेवायचा नाय. नका ठेवू. माझं काय जातंय?” असं म्हणत भागोजीने बोटांना खोबरेल तेल चोपडलं आणि कुयरीचा कोवळा फणस मांडीशी ओढला.

गंगारामच्या आईचं, हौसाचं, वर्षश्राद्ध होतं. वाडीतले बाप्ये सकाळपासून खळ्यात भाजीचे फणस चिरायला बसले होते. फणस चिरताना हात अडकतात आणि तोंड मोकळं राहतं. भागोजीचं तोंड मोकळं राहिलं की काय होतं, ते खेड तालुक्यातली ही वाडी पंचवीस वर्षं ऐकत आली होती.

त्यात तीन वर्षांपूर्वी भागोजी आणि गंगाराम आखातात गेले. कुठल्याशा मोठ्या खेळांसाठी तिथे स्टेडियम बांधायचं होतं. भागोजी गेल्या वर्षी परतला आणि गावाला नवा माल मिळाला. गंगाराम मात्र परवाच आला. डोकं भादरून तो ओटीवर बसला होता, पत्रावळी टाचत.

आज भागोजीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नजर पुन्हा पुन्हा ओटीकडे जात होती.

“ऊन असलं, की क्रेनवर बसलेला कावळा उडायचा, तं पाय तिकडंच चिकटलेले राहायचे. आणि मैदानातलं गवत? त्याला दिवसरात्र गोड पाणी! आमच्यात सहा जणांत एक कॅन. मी बोललो, देवा, पुढल्या जन्मी कुणब्याच्या पोटी नको, ह्या मैदानात उगवव.”

हशा झाला. एसटीतला कंडक्टर सखाराम म्हणाला, “कावळा झाला, गवत झालं. आता ती तपासणीची गोष्ट सांग.”

“ती कितीदा सांगू? जाऊ दे.”

“जाऊ दे कशी? आज साक्षीदार हाय घरात!”

भागोजीने ओटीकडे पाहिलं. गंगाराम पानाला काडी टोचत होता. गोष्ट नाही सांगितली तर का नाही सांगितली ते विचारतील, आणि सांगितली तर... पण जीभ सुटली होती.

“खेळांच्या समितीची माणसं आली. कामगारांचे हक्क, झाडं, पाणी, सगळं तपासणार. गोरी बाई, हातात कागद, बाजूला हिंदीत सांगणारा माणूस. आमचा मुकादम मला बोलला, तू बोल, तुला बोलता येतं.”

“म्हणजे थापाड्या म्हणूनच निवडला तुला,” सखाराम म्हणाला.

“ऐक तं! बाईने विचारलं, जेवण कसं? मी बोललो, डाळीत डाळ शोधायला पाणबुडा लागतो. बाई हसली नाय, लिवून घेतलं. मंग विचारलं, पासपोर्ट कुणाकडं? मी बोललो, कंपनीच्या कपाटात, आणि कपाटाची चावी मुकादमाच्या कमरेला. मुकादम घामाने न्हाला. शेवटी तिनं विचारलं, कुणाला घरी जायचंय आणि जाऊ देत नाय, असं कोण हाय का? तसा मी टेबलावर हात आपटला! बोललो, हा गंगाराम! ह्याची आय तिकडं अंथरुणाला खिळलीय, आणि तुम्ही हितं गवताला पाणी घालताय!”

भागोजीलाच वाटलं, आवाज जरा जास्त चढला.

हौसाची शेजारीण सोनूबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“मंग गंगाराम का नाय आला रे? हौसा महिनाभर दाराकडं तोंड करून पडलेली. पाणी पाजलं ते मी.”

“काकी, कागदाला टाइम लागतो. बाईनं सही केली, पण...”

“तुला नाय लागला टाइम. तू तं त्या तपासणीनंतर महिन्याभरात गावात हजर.”

“माझं... माझं निराळं. माझा करार संपलेला.”

“दोघं एकाच दिवशी गेलेलात ना?” सखाराम म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

भागोजीने सुरी उचलली आणि फणसाचा कापलेला तुकडाच पुन्हा कापायला घेतला. “आता तुम्हाला कंपनीचे कायदे कुठनं कळायचे? तिकडं एकेकाचा नंबर लागतो. बाईनं आधी गंगारामचंच नाव लिवलेलं, मी डोळ्यांनी पाहिलं. लाल शाईनं. खाली दोन रेघा...”

“नाय लिवलं.”

गंगारामचा आवाज मोठा नव्हता. हातातली पत्रावळ त्याने गठ्ठ्यावर ठेवली, वरून हाताने दाबून सपाट केली.

“तू बोललास, असं कोण नाय, सगळे खुशीत हायत. मी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, भागोजीदादा.”

भागोजीने सुरी खाली ठेवली.

“मंग त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागं मुकादम उभा होता.” गंगारामने दाराकडे, सोनूबाईकडे पाहिलं. “काकी, मीपण मान डोलावली.”