दोनदा टकटक

किटलीचं बटण खटकन उडालं आणि दुपारची शांतता मोडली. महत्प्रयासाने निजवलेली माझी लेक, माझी खारोटी, टक्क डोळे उघडून उठून बसली.

"आई, चहा एकटी पिणार?"

झालं! माझ्या हक्काच्या अर्ध्या तासावर पाणी.

आम्ही मायलेकी मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावर राहतो. विद्यापीठाने मला इथे ठेवलंय ते शिकवायला नाही. कोण जेवत नाही, कुणाचं बिनसलंय, कोण उशीत तोंड खुपसून रडतंय, ते बघायला. आल्याआल्या मीच एक रीत पाडली होती. बोलायचं नसेल तर आतून दोनदा टकटक करायची. म्हणजे, 'मी ठीक आहे, तुम्ही जा.' मुलींना ती आवडली. कडेवर पोर घेऊन जिने चढणाऱ्या मलाही सोयीची पडली.

तीच आता अंगाशी आली होती. वरच्या मजल्यावरची उंच मुलगी, जिला सगळ्या जिराफ म्हणतात, निकाल लागल्यापासून वर्गात गेली नव्हती. मी रोज दार वाजवायचे, आतून टकटक यायची, आणि मी शहाण्यासारखी खाली यायचे. आज सकाळी तिच्या शेजारणीने मला जिन्यात गाठलं.

"ताई, ती सामान बांधतेय. उद्या नाव काढून कायमची जाणार. घरी अजून निकालही सांगितला नाहीये."

रेक्टरबाई म्हणाल्या, "दुसरी किल्ली लावा. लपंडाव आहे का हा?"

"किल्लीने दार उघडेल, तोंड नाही उघडणार. संध्याकाळपर्यंत वेळ द्या मला."

म्हणून दुपारच्या त्या चहाचे दोन कप भरले, खारोटीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि वर गेले. दार वाजवलं. आतून टकटक.

"ऐकलं," मी म्हटलं. "पण आज मी हलणार नाही. ती रीत माझीच होती, मीच मोडली."

"ताई, जा ना प्लीज."

"चहा निवतोय." मी फरशीवर फतकल मारली. खारोटीने लगेच दारावर दोनदा टकटक केली आणि ओरडली, "मी पण ठीक आहे!"

आत हसू फुटलं की हुंदका, कळलं नाही.

"किती वेळ बसणार आहात?"

"हिला झोपवता झोपवता माझ्या मांडीला घट्टे पडलेत, बाई. माझ्याशी पैज लावू नकोस."

मग दारामागून, अगदी खालून आवाज आला. तीही जमिनीवर बसली होती. "दोन विषय उडाले. आई सगळ्या गल्लीत सांगत सुटलीय, माझी लेक पहिली येणार."

"जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण पळून जायचं नाही. आधी आईला सांग. मी शेजारी बसते."

कडी सरकली. रडून सुजलेला चेहरा, हातात फोन. चहा कोमट झाला होता, तरी तिने एका दमात संपवला. मी तिचा मोकळा हात घट्ट धरला. तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"आई, मी नापास झाले."

पलीकडे काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज. जिराफने माझी बोटं आवळली, पण फोन ठेवला नाही. मीही हात सोडला नाही.

खारोटी फोनकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, तिची आई टकटक का करत नाही?"