सॉस पास करणारी बशी

माझा कप फुटला त्याला पंधरा वर्षं झाली, मित्रांनो. मी त्याच्यामागे उरलेली जुनी पांढरी बशी. कपाविना बशीला घरात कोण विचारतं? पण माझं नशीब बघा, म्हातारपणी मला निकाल द्यायचं काम मिळालं आणि त्या कामाने माझी झोप उडवली.

भट्टीतून निघाले ती सायखेड्याला, कुसाबाईंच्या घरी आले. शेतावरून आलेली माणसं माझ्यात चहा ओतून, फुंकर मारून प्यायची. सुखाचे दिवस होते. मग कप गेला आणि मी कुंडीखाली पाणी झेलत बसले. पुढे कुसाबाई मुलाकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तेव्हा कुंडीबरोबर मीही आले.

त्यांची सून निकिता पास्त्याचा सॉस करून बरण्यांत भरून विकू लागली. तो नीट आटला की नाही, कळणार कसं? कुसाबाईंनी मला घासूनपुसून पुढे केलं. "हिच्यावर चमचाभर टाक न् जरा थांब. कडंला पाणी सुटलं तर टोमॅटो आटला नाय. परत शिजव." झालं, माझा रुबाब वाढला. पाणी सुटलं नाही की निकिता म्हणायची, "बशीने पास केलं." मग बरणीवर लेबल लागायचं: टोमॅटो, तेल, लसूण, मीठ. बाकी काही नाही.

गेल्या महिन्यात एका मोठ्या दुकानाची पहिलीच ऑर्डर आली, साठ बरण्यांची. चारला गाडी येणार आणि टोमॅटो निघाले पाणचट. सकाळपासून तीनदा सॉस माझ्यावर पडला, तीनदा पाणी सुटलं. निकिता सारखी घड्याळ बघत होती. कुसाबाई दवाखान्यात गेल्या होत्या. शेवटी तिने कॉर्नफ्लोअरचा डबा काढला, दोन मुठी पाण्यात कालवल्या आणि पातेल्यात ओतल्या. चौथ्यांदा सॉस माझ्यावर पडला तो असा ऐटीत बसला की थेंबभर पाणी नाही. "केलं बाई पास," ती पुटपुटली आणि मला खिडकीत ठेवून कामाला लागली.

अहो, मी पाणी ओळखते, मला पीठ कुठे ओळखता येतं! माझ्या नावावर खोटं खपणार होतं आणि मला तोंड नाही. इकडे ऊन तापत होतं, तिकडे लेबलं चिकटत होती, माझा जीव नुसता खालीवर होत होता. निकिताने मला धुतलं की संपलंच सगळं, हेच डोक्यात.

तीनच्या सुमारास कुसाबाई आल्या. मला नळाखाली धरणार, तोच थांबल्या. सॉस वाळला होता. कडेला नख लावलं तर त्याची अखंड पापडी सुटून आली, उन्हाळ्यात साबुदाण्याची येते तशी. नुसत्या टोमॅटोचा सॉस चिकटून बसतो, खरवडावा लागतो. बाईंनी चाळीस उन्हाळे पापड्या सोडवलेल्या. त्यांनी ती निकिताच्या तळहातावर ठेवली.

"काय घातलं यात?"

"कॉर्नफ्लोअर. थोडंच घातलंय, आई. त्याने कुणाला काही होत नाही."

"होत नाय, ते मलाबी ठाव हाय. मग लेबलावर लिही."

"लिहिलं तर दुकानवाले घेणार नाहीत."

"नाय तर नाय. तुझं गिऱ्हाईक काय बशी घेऊन बसतं का? त्याच्यापाशी तेवढं लेबलच हाय."

निकिताचे डोळे भरले. मग तिने पेन घेतलं, एकेका लेबलावरचं 'बाकी काही नाही' खोडलं आणि तिथे 'कॉर्नफ्लोअर' लिहिलं. दुकानात फोन करून तिने आधीच सांगून टाकलं. गाडीवाला वीसच बरण्या घेऊन गेला. उरलेल्या चाळीस ओट्यावर तशाच राहिल्या.

मित्रांनो, बरणीवरचं लालभडक चित्र बघून भुलू नका. ती फिरवा, मागची बारीक अक्षरं वाचा. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं लिहिलेलं असतं. टोमॅटोच्या आधी पाणी दिसलं तर काय ते समजून जा. आणि कधी स्वतः काही करून विकलंत, तर घातलं तेवढं सगळं लिहा, कारण खाणारा तुमच्या शब्दावरच खातो.

मी अजूनही धास्तावलेलीच असते. पण हल्ली सॉस झाला की निकिता स्वतःच मला उन्हात ठेवते आणि तो वाळेपर्यंत एकाही बरणीला लेबल लावत नाही.