काळ्या मोज्याचे एक्केचाळीस डंख

सन १९९१, वसंत ऋतू, मार्चचा दुसरा मंगळवार. त्या दिवशी माझ्या टाचेला भोक पडलं आणि माझी पायातली नोकरी सुटली. मी काळा लोकरी मोजा बोलतोय. डावा. उजव्याशी गल्लत करू नये. तो अजून पायात आहे आणि त्यात त्याची काही कर्तबगारी नाही.

माझा मालक मधपाळ. अंगणाच्या टोकाला त्याच्या सहा पेट्या. त्या वर्षी माश्या इतक्या तापट निघाल्या की पोस्टमन पत्रं फाटकावरून फेकू लागला. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईने, त्याला ठणकावलं, "अहो, एक तर माश्या सुधारा, नाहीतर उद्यापासून धुणं वाळत घालायला तुम्ही जा."

तेव्हा बाईच्या भावाने आपली एक शांत राणीमाशी आणून दिली. उसनी.

"दाजी, हिच्या मुली राण्या म्हणून वाढवा. शरदात एक मला परत. पण आईइतकीच गरीब हवी. मी तोंडाला जाळी न लावता पेटी उघडणार. नाक सुजलं, तर सगळ्या नातेवाइकांना दाखवत फिरेन."

मालक नाकाला घाबरत नव्हता. नातेवाइकांना घाबरत होता. त्याने सहाही पेट्यांच्या झाकणांवर खडूने 'उसनी' असं लिहिलं.

उसनी राणी म्हातारी होती, उन्हाळ्यात वारली. तोवर तिच्या सहा मुली सहा पेट्यांत राण्या झाल्या होत्या. आता त्यांतली शांत कोणती, हे ठरवायचं होतं. राणी स्वतः माणसाला डंख मारत बसत नाही. तिचा स्वभाव तिच्या पोरींवरून ओळखायचा. म्हणजे वागायचं पोरींनी, मार्क आईला.

इथे मला पुन्हा नोकरी लागली. मालकाने माझ्या पोटात चिंध्या कोंबल्या, काठीला बांधलं आणि पेटीच्या दारासमोर मिनिटभर हलवलं. काळी लोकर दिसली की माश्यांना अस्वल आल्यासारखं वाटतं. मला अस्वल समजतात, याचा मला अभिमान आहे. उजव्याला कुणी ससाही समजलेलं नाही.

मिनिट संपलं की मालक चिमट्याने माझ्यातले डंख उपटायचा आणि आकडा झाकणावर लिहायचा. पहिली पेटी, चार. दुसरी, नऊ. तिसरी, सतरा. असं चढत चढत सहावी, एक्केचाळीस. ते एक्केचाळीस मी हूं की चूं न करता सोसले. दर आठवड्याला हाच प्रकार.

"पहिलीची राणी तुझ्या भावाला," मालक बाईला म्हणाला. "सहावीची उद्या चिमटीत."

चिमटीत म्हणजे चिरडायची. तापट राणीचा वंश मधपाळ ठेवत नाही.

मला खरं काय ते माहीत होतं. पण मोज्याला तोंड एकच, आणि त्यात चिंध्या.

बाई धुणं घेऊन आली. माझ्याजवळ थबकली. नाक फेंदारून वास घेतला.

"अहो, केळी कुणी खाल्ली?"

"कुणी नाही."

"मग या मोज्याला पिकल्या केळ्याचा वास कसा?"

"तो डंखाचा वास. एकीने डंख मारला, की वास बाकीच्यांना सांगतो, इथेच मारा."

"आणि हा मोजा तुम्ही धुता कधी?"

"धुवायचा कशाला? ते उपकरण आहे."

"सुरुवात कुठल्या पेटीपासून करता?"

"पहिलीपासून."

"दर वेळी?"

"हो. ओळीने, सहावीपर्यंत."

"म्हणजे पाच पेट्यांचा राग सहावीच्या माथी!" बाई म्हणाली. "मी घरात शेवटी जेवते. सगळं पातेलं मीच संपवलं, असं लिहा आता!"

दुसऱ्या दिवसापासून मला प्रत्येक पेटीआधी साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं, मग हलवलं. सहा पेट्या, सहा धुणी. उभ्या आयुष्यात मी एवढा स्वच्छ नव्हतो, आणि पुन्हा होण्याची इच्छा नाही. पहिली पेटी, चार. मधल्या चार पेट्या, प्रत्येकी पाच-सहा. सहावी, एक. तोही अर्धवट.

मालक सहावीसमोर गेला. मग टोपी काढली. माश्यांपुढे टोपी काढणं धोक्याचं असतं, पण त्यांनी काही केलं नाही.

मी मात्र आटलो. आता मी तान्ह्या बाळाच्या पायाला होईन. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. लोकरीला धुण्याआधी विचारत जा.

शरदात बाईचा भाऊ आला. सहावी पेटी तोंडाला जाळी न लावताच उघडली. एक माशी त्याच्या नाकावर चढली, शेंड्यापर्यंत गेली, इकडेतिकडे बघितलं आणि परत फिरली.

"नाही सुजलं," तो जरा नाराजीने म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "ताई, बाळ कुणाला झालं?"

"गप रे. तुझ्या राणीपायी झालंय ते," बाई म्हणाली.

त्याने सहावीच्या राणीची डबी खिशात घातली. मालकाने ओल्या फडक्याने झाकणांवरचं 'उसनी' पुसून टाकलं.